चौदा किलोंची तुला

धरमपेठेतल्या दवाखान्यावर पाटी होती मनोविकारतज्ज्ञाची, पण रिक्षावाले मधुकररावांना ओळखत ते पागलांचे डॉक्टर म्हणूनच. माणूस बंगलोरला शिकून आलेला, इंग्रजी पुस्तकांनी दोन कपाटं भरलेली, आणि पेशंटच्या खोलीत काय, तर एक रिकामा चौरंग. त्यावर ना मूर्ती, ना फोटो. नवा माणूस आला की झोपेचं, भुकेचं विचारायच्या आधी ते विचारत, "तुमचं दैवत कोणतं?" मग ते दैवत चौरंगावर बसलंय असं समजायचं आणि पोटात असेल ते त्याला सांगायचं. भांडायचं असेल तर खुशाल भांडायचं. डॉक्टर बाजूला बसून ऐकणार. गोळ्याही देत, नाही असं नाही, पण खरा भरवसा चौरंगावर. बाकीचे डॉक्टर टोमणा मारायचे, "काय मधुकरराव, फी घेता की दक्षिणा?" मधुकररावही ते हसण्यावारी न्यायचे. कारण लोकांना गुण येत होता. दहा-बारा वर्षं सतत गुण येत राहिला की माणसाला आपलं चुकेल असं वाटेनासं होतं, आणि त्यांचं तसंच झालं होतं.

शहात्तर सालच्या पौषात काटोलकडचा देवराव बायकोला घेऊन आला. जिजाबाई तिचं नाव. घरची संत्र्याची बाग, खाऊन-पिऊन सुखी. आठ वर्षं वाट पाहून झालेला एकुलता एक पोरगा, लहानू, दिवाळीच्या तोंडावर मेंदूज्वरानं तीन दिवसांत गेला होता. तेव्हापासून बाई रडली नव्हती. पुढ्यात ताट ठेवलं तर दोन घास चिवडायची आणि उठायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"डॉक्टरसाहेब, हे अशीच वाळून राहिली," देवराव म्हणाला. "पोरगं तं गेलंच. आता हे बी गेली तं मी कोनासाठी घरी जाऊ?"

दर मंगळवारी सकाळच्या बसनं दोघं यायचे. तीन मंगळवार जिजाबाई चौरंगाकडे नुसती पाहत बसली. दैवत विचारलं तर एवढंच म्हणाली, "गावची मातामाय." चौथ्या मंगळवारी मात्र तिनं पदराची गाठ सोडली आणि घडी पडून पडून फाटायला आलेला एक कागद काढून चौरंगावर ठेवला. पोराला नेलं होतं त्या दवाखान्यातली चिठ्ठी होती. लहानूचं नाव, वय पाच, वजन चौदा किलो.

"माय," ती चौरंगाला म्हणाली, "तुले नवस बोलली होती. पोरगं पाच वर्साचं झालं का संत्र्यानं तुला करीन. पाच वर्सं भरले, पन तो हडकुळा होता वं. बरगड्या दिसत. म्हटलं, एवढुसं पोरगं तराजूत बसवीन तं गाव हासन, म्हनन बागाईतदाराची बाई अन् चार संत्र्यात नवस फेडला. तुले बी कमी भेटन. म्हनून म्हटलं, अंगात भरू दे थोडा. तूप चारलं, खारका चारल्या. एक बहार गेला, दुसरा गेला. अन् तू रागावली."

मधुकररावांच्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला बोला, आनंदही झाला. गाठ सापडली होती. ते म्हणाले, "जिजाबाई, देवी रागावलेली नाही. उशिरा दिलेलंही ती घेते. तुमच्या छातीवर जे बसलंय तो हा नवस आहे. तो फेडा."

"पोरगं कुठी आहे तराजूत बसवाले?"

"वजन आहे ना चिठ्ठीत. तेवढ्या वजनाची संत्री वाहा. मी स्वतः येतो."

त्या दिवशी जेवताना त्यांनी प्रेमलताबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, ही गोष्ट मोठ्या हौसेनं सांगितली. त्यांनी भाताचा डाव हातातच थांबवला. "पोर नसताना पोराची तुला? तिला ते पारडं दाखवताय कशाला?"

"तिच्या श्रद्धेतूनच तिचं दुःख बाहेर निघेल."

"निघेल की रुतेल?" प्रेमलताबाई म्हणाल्या आणि भात वाढून आत गेल्या. मधुकररावांना वाटलं, हिला यातलं काय कळतं. चांगलं शिकलेलं माणूस घरच्या माणसाबद्दल असं किती सहज ठरवून टाकतं.

फाल्गुनात मृगबहाराच्या संत्र्यांची तोड सुरू झाली तसे ते गावी गेले. मातामायचं देऊळ गावाबाहेर निंबाखाली, चार पायऱ्यांचं. पुजाऱ्यानं आढ्याला मोठा तराजू टांगला होता. देवरावानं स्वतः निवडून आणलेली संत्री, एकाला डाग नाही. बायाबापड्या जमल्या होत्या, पण कुजबुजसुद्धा नव्हती. पुजाऱ्यानं एका पारड्यात लोखंडी वजनं ठेवली, दहाचं एक आणि दोनाची दोन.

"थांबा," जिजाबाई म्हणाली. पिशवीतून तिनं एक सदरा काढला. पिवळा, जरीच्या गोटाचा, अजून अंगाला न लागलेला. तुलेसाठी शिवून ठेवलेला. तो तिनं वजनांवर पांघरला आणि वरची गुंडी लावली. देवराव तोंड फिरवून निंबाकडे पाहत राहिला.

मग ती दुसऱ्या पारड्यात एकेक संत्रं ठेवायला लागली. मधुकरराव तिच्या चेहऱ्याकडे डोळे लावून होते. आत्ता बांध फुटेल, आत्ता ही रडेल, असं त्यांना वाटत होतं. पन्नास संत्री झाली, साठ झाली. पारड्यात मावेनात म्हणून पुजाऱ्यानं कडेनं टोपली लावली. शंभराच्या वर गेली तेव्हा सदऱ्याचं पारडं हललं, हळूहळू वर आलं आणि दोन्ही बरोबरीत थांबली. पुजाऱ्यानं घंटा वाजवली.

जिजाबाई दोन पावलं मागं सरली. संत्र्यांचा तो ढीग तिच्या छातीपर्यंत आला होता.

"डॉक्टरसाहेब, हे चौदा किलोच आहेत ना?"

"हो."

"एवढे होतेत चौदा किलो?"

मधुकररावांना तेव्हा कळलं. तिनं संत्री जन्मभर पाहिली होती, पण ती पेट्यांनी आणि गाड्यांनी. आपलं पोरगं संत्र्यांत केवढं भरतं हे तिला कोणी दाखवलं नव्हतं. ते त्यांनी, मोठ्या शहाण्या डॉक्टरनं, आज दाखवलं होतं.

"केवढा ढीग झाला," ती म्हणाली. "भरल्यासारखा दिसून राहिला. याले कोन हासलं असतं?"

सगळ्या बाया खाली पाहायला लागल्या. मधुकररावांजवळ दोन पुस्तकी वाक्यं होती, देवाच्या मायेची आणि काळाच्या औषधाची. पण जिजाबाई त्यांच्याकडे पाहत होती, उत्तर मागत होती, आणि तिच्याशी तरी खोटं बोलवेना.

"कोणीच नाही, जिजाबाई."

तिनं मान हलवली, जसं काही तेवढंच विचारायचं राहिलं होतं. मग जाऊन तिनं सदऱ्याची गुंडी काढली, सदऱ्याची घडी केली आणि देवरावाच्या हातात दिली. स्वतःजवळ ठेवला नाही. चिठ्ठी मात्र पुन्हा पदरात बांधली.

देवराव बसपर्यंत पोचवायला आला. त्याचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला होता. "लई दिवसांनी चार लोकांत बोलली, साहेब. तुमच्या पायानं झालं," असं म्हणून तो वाकला, आणि मधुकररावांना पाय मागे घ्यायचंही सुचलं नाही. त्यानं परसाद म्हणून पाच संत्री त्यांच्या पिशवीत टाकली.

पुढच्या मंगळवारी देवराव एकटाच आला. जिजाबाईनं अन्न साफ सोडलं होतं. विचारलं की सांगत होती, "नवस फिटला आता, मले काहून अडवता?"

मधुकरराव तसेच चपला घालून त्याच्याबरोबर बसस्टँडला निघाले. पाच संत्री टेबलावर तशीच होती, एकाला बुरशी धरली होती. बाहेर दोन पेशंट बाकावर बसून होते. आतल्या खोलीतला चौरंग त्यांनी जाता जाता भिंतीकडे तोंड करून उभा केला.