मॅचिंग सेंटरचा ट्रे

मी चहाचा ट्रे बोलतोय. या, असे कडुलिंबाखाली या. चहा मात्र मिळणार नाही. हल्ली माझ्यात केळी असतात.

जळगावात नासीरभाईंच्या मॅचिंग सेंटरमध्ये मी वर्षानुवर्षं फिरलो. साडीला ब्लाउजपीस जुळवायला आलेली बाई "नुसतं बघते" म्हणाली की भाई मला पुढे करायचे. हातात कप आला की बाई उठत नसे. एका नवरीच्या आत्याने मात्र तीन कप रिचवले आणि शेवटी रुमाल घेतला!

भाईंची बायको जीनत उन्हाळ्यात वारली. दुकान बंद झालं. पिंप्राळ्यातल्या घरामागे भाई खुर्चीत बसून राहू लागले. ना बोलणं, ना रडणं. लेकीने, मंतशाने, मला दोऱ्या बांधून इथे टांगलं, रावेरची केळी कापून ठेवली. म्हणाली, "अब्बा कशाकडे तरी बघतील."

लाल बुडाचे बुलबुल आले, पिवळाधमक हळद्या आला. भाई भिंतीकडे बघावं तसे बघत. मी पत्र्याचा, मलाही चोची लागत नाहीत. आमचं दोघांचं सारखंच झालं होतं.

शेजारी पारोळ्याकडच्या धुरपदाबाई राहतात. त्या मंतशाला हळूच म्हणायच्या, "एकदाव रडी लिधं ना, मोकळं व्हई जाई तेस्नं मन."

आज सकाळी माझ्या काठावर एक गुबगुबीत पाखरू बसलं.

"हाऊ पोपट शे ना, भाऊ?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"कपाळ लाल आहे. तांबट तो."

भाई बोलले! मंतशाच्या हातातली सुरी थांबली.

"रंग ते पोपटीच शे ना."

"काय अक्का! पोपटी असा असतो? मेंदीकडे जातोय."

"आमले बठ्ठा हिरवा सारखाच."

भाई उठून झाडाजवळ आले. गिऱ्हाइकाचा पदर उजेडात धरून बघायचे, तशी मान तिरपी केली. "मेंदी... की शेवाळी?"

दुकानात असं अडलं की शेवटचा शब्द जीनतभाभींचा असे. भाई घराकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "जीनत, जरा बाहेर ये!"

तांबट उडाला.

भाई दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी माझा काठ घट्ट धरला. सारा भार माझ्यावर टाकला, मी कलंडलो आणि केळ्याच्या फोडी खाली सांडल्या. मंतशा धावली, तसा धुरपदाबाईंनी तिचा दंड धरला. "राहू दे, पोर."

अजून रडताहेत. तुम्ही आलाच आहात, तर एवढं ऐका: "धीर धरा, भाई" असं तेवढं म्हणू नका.