सातव्या विहिरीचे कपडे

"साहेब म्हणतोय, ते कपडे काढ," दुभाषा म्हणाला. "पांढरं चालणार नाही."

सरबुलंद विहिरीच्या तोंडाशी बसून कमरेला दोर आवळत होता. त्याने मान वर केली नाही. "कोणता साहेब? आधीचा एका देशाच्या निशाणाचा, हा दुसऱ्याच्या. जो येतो तो काहीतरी काढायला लावतो. पगडी झाली, जोडे झाले. आता हे का?"

"काका, डोकं फिरवू नका त्याचं. परवानगी रद्द करील."

परवानगी! नुसत्या शब्दाने सरबुलंदच्या अंगाचा तिळपापड झाला. चार महिने त्याने छावणीच्या फाटकावर जोडे झिजवले होते. कंदाहारच्या पश्चिमेला त्याचं गाव. गावातल्या साऱ्या डाळिंबाच्या बागा एका कारेझवर जगत. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या पाटाने यायचं, आणि तो पाट साफ करायला थोड्या थोड्या अंतरावर विहिरी खणलेल्या. विमानातून वरून पाहणाऱ्याला ही भोकं दिसली आणि त्याने ठरवून टाकलं, भुयारं आहेत, म्हणजे आत अतिरेकी आहेत. देशोदेशीच्या फौजा एक होऊन दहशतवादाशी लढायला निघाल्या होत्या. एकाच वेळी किती मुलखांत त्यांची मोहीम चालली आहे, ते रेडिओवर अभिमानाने सांगत. एवढ्या मोठ्या लष्करातल्या एकालाही गावात येऊन विचारावंसं वाटलं नाही, की बाबांनो, ही भोकं कसली?

हिवाळ्यात त्यांनी सातव्या विहिरीत सुरुंग उडवला, तेव्हा सरबुलंदचा धाकटा भाऊ मीरवंद खाली गाळ काढत होता.

पुढे छावणीतून कागद आला. एक आत्मघातकी अतिरेकी ठार, असं त्यात लिहिलं होतं. पुरावा काय, तर टेहळणीवाल्यांनी त्याला अंघोळ करताना, नमाज पढताना आणि पांढरे कपडे घालून भुयारात उतरताना पाहिलं होतं.

अरे, कारेझवाला दुसरं काय करणार? सरबुलंदच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलेलं. खाली जाणाऱ्याने अंघोळ करायची, नमाज पढायचा, पांढरं घालायचं. माती कोसळली तर तेच कफन. त्याचा आजा असाच गेला होता. आभाळातून माणसाच्या कपड्यांचा रंग ओळखणारी यंत्रं होती त्यांच्याकडे, पण कपडे का घातले ते विचारायला तोंड नव्हतं!

भावाचं प्रेत काढू द्या, म्हणून सरबुलंदने दोनदा अर्ज केला. अतिरेक्याचं प्रेत मिळत नाही, असं उत्तर आलं. तिसऱ्या वेळी त्याने भावाचं नावच काढलं नाही. बागा वाळताहेत, पाटाची दरड उपसू द्या, एवढंच म्हणाला. तेव्हा तीन दिवस मिळाले.

"लाला, काढ बघू ते," दोराच्या चरखीशी बसलेला त्याचा चुलतभाऊ जरवली हळूच म्हणाला. थोरला म्हणून तो त्याला लालाच म्हणे. "मीरवंदला आणायचंय की याच्याशी भांडायचंय?"

सरबुलंदने कमरेचा दोर सोडला. पांढरा सदरा, पांढरी सुरवार उतरवून नीट घडी केली आणि चरखीजवळ दगडाखाली ठेवली. जरवलीचे मळके कपडे अंगात घातले.

"आत गेलोच कायमचा, तर हे माझ्यावर घाल."

"गप उतर. तोंड बघ, म्हणे कायमचा!"

दोन दिवस नुसती माती वर आली. तिसऱ्या दिवशी दुपारी दोराला दोन हिसके बसले. जरवलीने आणि गावातल्या दोघांनी चरखी फिरवली, तर सरबुलंद वर आला, कांबळ्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून. फार जड नव्हतं. त्यातून बाहेर आलेली बाही मातीच्या रंगाची झाली होती.

साहेब पुढे झाला. दुभाष्याला काहीतरी म्हणाला.

"विचारतोय, हत्यार सापडलं का?"

सरबुलंदने कमरेची आखूड दांड्याची कुदळ काढली आणि साहेबाच्या बुटांपाशी आपटली. "सापडलं! त्याच्या हातात होतं. लिहून घे म्हणावं. दांडा बाभळीचा, माझ्या बापाने बसवलेला!"

भाषांतराची गरजच नव्हती. साहेबाने वाकून कुदळ पाहिली, मग दुभाष्याला बरंच काही सांगितलं.

"त्याला वाईट वाटतंय. कागद दुरुस्त करायला वर कळवतो म्हणतो."

"वर? वरूनच बघितलं होतं ना?"

सरबुलंदने दगड बाजूला केला. घडी मोडली आणि आपला सदरा, आपली सुरवार भावाभोवती लपेटली. गावच्या मुल्लाने तिथेच जनाज्याचा नमाज पढवला. मग गावातल्या चौघांनी प्रेताची खाट उचलली.

"लाला, चल," जरवली म्हणाला. "खांदा दे."

सरबुलंदने खाटेला खांदा दिला, दहा पावलं चालला आणि आपली जागा दुसऱ्याला दिली. उन्हं कलली होती. परवानगी संध्याकाळपर्यंतच होती, आणि मीरवंदने जिथवर गाळ काढला होता, तिथून पुढे हातभर माती अजून पाणी अडवून बसली होती. ती फुटली की पाणी अंगावर येणार, हे त्याला ठाऊक होतं. तो विहिरीकडे परतला, मागोमाग जरवली. कुदळ उचलून त्याने कमरेला खोचली.

दुभाषा जवळ आला. ओळख लपवायला तोंडावर बांधलेला रुमाल त्याने खाली ओढला होता. "काका, साहेब म्हणतोय, आता पांढरे कपडे घातलेत तरी चालेल."

सरबुलंदने कबरस्तानाच्या वाटेकडे पाहिलं. खाट लांब गेली होती.

"ते कपडे निघाले, सांग त्याला," तो म्हणाला, आणि विहिरीत पाय सोडून बसला. "जरवली, दोर सोड."