लेमुएल मामाची पहिली खुर्ची

या, पुढे सरका, असे दाराशी घुटमळू नका. कॉफी गरम आहे, रताळ्याचा गोड पाई कापून ठेवलाय, आणि माझ्याजवळ एक गोष्ट आहे, जी सांगताना आजही माझे तळहात ओले होतात. आमच्या पाळकसाहेबांना मी ती सांगितली तेव्हा ते आधी गंभीर झाले आणि मग इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणजे ऐकायला हरकत नाही असं समजा.

गोष्ट माझ्या मामाची, लेमुएल व्हिटलोची. लास व्हेगासच्या आमच्या वेस्टसाइड वस्तीत मामाला लोक दोन कारणांनी ओळखायचे. एक म्हणजे त्याची प्रवचनातली साथ. आमच्याकडचं प्रवचन म्हणजे कागदावरून वाचलेलं भाषण नव्हे. पाळकसाहेब बोलता बोलता सुरात शिरतात, मागून ऑर्गन हळूच तो सूर उचलतो, आणि मग शब्द असे चढत जातात की अंगावर काटा येतो. त्या चढणीवर खालून कुणीतरी हात द्यायला हवा. पहिल्या बाकाच्या डाव्या टोकाला बसलेला मामा तो द्यायचा. "सांगा, पाळकसाहेब, सांगा!" त्याची ही हाक आली की गाणाऱ्याला पंख फुटायचे.

दुसरं कारण म्हणजे ब्लॅकजॅक, तो पत्त्यांची बेरीज एकवीसपर्यंत नेण्याचा जुगार. मामा पत्ते मोजायचा. जुगार पाप आहे हे मला कुणी शिकवायला नको, मी गायनमंडळातली बाई. पण मामाचं म्हणणं वेगळंच. "पर्लीन, पुढे काय येणार ते ठाऊक नसताना पैसे लावतो तो जुगारी. मी काय करतो? गेलेल्यांची आठवण ठेवतो, बस."

त्याची रीत साधी होती. लहान पत्ता पडला, दुर्री-तिर्रीपासून छक्कीपर्यंत, की मनात एक वाढवायचा. दश्शी, चित्र किंवा एक्का पडला की एक कमी करायचा. मधले सोडून द्यायचे. आकडा वर गेला की समजावं, लहान पत्ते संपत आलेत, मोठे अजून आत आहेत. आता पैसे लावताना हात सैल सोडायचा. एक्के तो वेगळे मोजायचा, बुटाच्या आत पायाच्या बोटांवर. आणि आयुष्यभर तो एकाच जागी बसला, टेबलाच्या डाव्या टोकाच्या शेवटच्या खुर्चीवर. पत्ते उजवीकडून वाटत येतात. शेवटच्या खुर्चीवरच्याला सगळ्यांचे पत्ते आधी दिसतात आणि आपला निर्णय तो सगळ्यांच्या मागून घेतो. "मोजणाऱ्याचं सिंहासन आहे ते," मामा म्हणायचा.

मग त्याचा उजवा डोळा गेला. आधी धूसर झाला, मग पार विझला. आणि क्लीव्हलंडहून त्याची मुलगी, माझी मामेबहीण अर्नेस्टीन, त्याला घेऊन जायला आली.

अर्नेस्टीनताई म्हणजे कडक इस्त्री. हातमोजे, टोपी, तोंडात सदा स्तोत्र. वाईट नव्हती हो, बापावर जीव होता तिचा. पण तिने येताना दोन तिकिटं काढूनच आणली होती.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही. एकटे राहता. उद्या रस्त्यात पडलात तर?"

"दिसत नाही कोण म्हणतं? एक डोळा आहे की. देवाने जादाचा दिलाय, जपून वापरतो."

"थट्टा नको. पत्तेसुद्धा मोजता येणार नाहीत तुम्हाला आता."

हे मात्र लागलं. मामाने कपातला चमचा थांबवला. "येतात."

"घरी बसून? ते मीही मोजीन."

"टेबलावर! जॅक्सन स्ट्रीटवरच्या जुगारघरात, कॉपर लँटर्नमध्ये! तिथली पत्ते वाटणारी ओडेसा अजून एकाच कॅटने खेळवते, अगदी शेवटच्या पत्त्यापर्यंत. तो शेवटचा पत्ता उलटायच्या आत मी काय आहे ते सांगतो. सांगितलं तर मी इथेच राहणार, माझ्या घरात, माझ्या चर्चमध्ये. नाही सांगितलं तर चल, ते तुझं थंडगार क्लीव्हलंड दाखव."

"कबूल," अर्नेस्टीनताई म्हणाली. "पण मी समोर बसून बघणार."

मामा गेला तर पहिल्या बाकावरून हाक कोण देणार?

शनिवारी दुपारी जॅक्सन स्ट्रीटवर निघालो. ताई तरातरा पुढे. मामा माझ्या दंडाला धरून, भुवया ताणून.

"मामा, शेवटच्या खुर्चीवर बसू नकोस."

"काय बोलतेस! सिंहासन सोडू?"

"तिथून सगळं टेबल तुझ्या उजव्या हाताला येतं. उजवा डोळा कुठाय? प्रत्येक पत्त्याला मान गर्रकन वळवत बसशील, घुबडासारखा. तो बक्स्टन लगेच ओळखेल." मिस्टर बक्स्टन म्हणजे तिथला टेबलांवर नजर ठेवणारा माणूस. पत्ते मोजणाऱ्याला तो दंडाला धरून बाहेर काढायचा आणि पुन्हा कधी आत घ्यायचा नाही.

"मग बसू कुठे? छतावर?"

"पहिल्या खुर्चीवर. उजव्या टोकाला. सगळं टेबल डावीकडे, चांगल्या डोळ्यापुढे."

मामा रस्त्यातच थांबला. "पहिल्या खुर्चीवर अडाणी बसतात, पर्लीन! दारू प्यायलेले, पर्यटक, नवरे हरवलेल्या बायका! तिथे सगळ्यांच्या आधी निर्णय घ्यावा लागतो, कुणाचं काही न बघता."

"चर्चमध्ये काय केलंस? डाव्या टोकावरून पाळकसाहेब दिसेनात तेव्हा उजव्या टोकाला गेलास ना? तुझी हाक कमी झाली का तिथे?"

तो पुन्हा चालू लागला. चार पावलं गेल्यावर पुटपुटला, "उलट त्या बाजूला ऑर्गन जवळ पडतो."

कॉपर लँटर्नमध्ये तळलेल्या माशाचा वास आणि पंख्याची घरघर. ओडेसाच्या टेबलावर मधोमध एक सिमेंटच्या कामावरचा धिप्पाड गडी बसला होता, हात अजून पांढरे. मामा गेला आणि सवयीने थेट डाव्या टोकाला वळला. मी खोकले. तो तसाच गोल फिरला आणि पहिल्या खुर्चीवर जाऊन बसला, जणू मुद्दामच टेबलाला प्रदक्षिणा घातली. मी त्याच्या शेजारी.

आता ऐका बरं का. अर्नेस्टीनताईने टेबलाकडे पाहिलं, हातमोजे काढले आणि म्हणाली, "मी तिकडे बसते. मला सगळं नीट दिसायला हवं." आणि सरळ गेली, बसली. कुठे? शेवटच्या खुर्चीवर!

मामाचं तोंड उघडलं. मग मिटलं. मग त्या एका डोळ्याने त्याने मला डोळा मारला.

ओडेसाने कॅट पिसला, कापून घेतला आणि वाटायला सुरुवात केली. पत्ते उघडेच पडत होते, फट् फट् फट्. मामा मागे रेलला. त्याचं तोंड सुरू झालं ते थांबेचना. "ओडेसा, पोरी, आई कशी आहे? आज मासा कोणी तळलाय? मीठ कमी आहे वासालाच!" आणि त्याचा डावा डोळा पाण्यावरच्या पक्ष्यासारखा टेबलावरून फिरत होता. बाकी काही हलत नव्हतं. फक्त एकदा बुटाचं टोक किंचित उचललं गेलं. एक एक्का!

तिकडे ताई काठीसारखी ताठ. टेबलावर बसायचं तर खेळावं लागतं, म्हणून तिने नाइलाजाने पैशाच्या थोड्या चकत्या घेतल्या होत्या. दारूला नाही म्हणाली, सिगारेटच्या धुराला नाक मुरडलं. नजर पत्त्यांवरून हलेना, आणि ओठ सारखे हलत होते. मला माहीत होतं, जुगाराच्या टेबलावर बसावं लागलं म्हणून बिचारी स्तोत्र म्हणत होती. पण दुरून पाहणाऱ्याला काय दिसत असेल? मी मान वर केली तर खांबापाशी मिस्टर बक्स्टन उभा. तो मामाकडे बघतसुद्धा नव्हता. बघत होता ताईकडे.

"बाई, पत्ता कशाला मागितलात?" सिमेंटवाला ओरडला. "तो ओडेसाला गेला असता तर ती एकवीसच्या वर जाऊन फुटली असती! आता आपण सगळे मेलो!"

"मला काय ठाऊक?" ताई फणकारली.

"ठाऊक नाही तर त्या खुर्चीवर बसता कशाला?"

"सगळं दिसतं म्हणून!"

हे बक्स्टनने ऐकलं. तो एक पाऊल पुढे आला.

ओडेसाच्या हातातला कॅट पातळ होत चालला होता. मामाचा बूट दुसऱ्यांदा हलला. प्रवचनात सूर वरच्या पायरीवर जाऊन थांबतो ना, अगदी तसं झालं. शेवटचा डाव. मामाने आपल्या चकत्या तिप्पट केल्या, म्हणजे मोठे पत्ते आत होते! पण त्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. कारण त्याच क्षणी अर्नेस्टीनताईने आपल्या उरलेल्या सगळ्या चकत्या पुढे लोटल्या. "हे घे, संपव एकदाचं. सुटले मी."

आणि तिच्यापुढे पडला राजा. आणि त्यावर इस्पिकचा एक्का. एकवीस!

मामाचा बूट तिसऱ्यांदा उचलला गेला. सिमेंटवाल्याने टेबलावर हात आपटला. ओडेसा फुटली, सगळ्यांना पैसे मिळाले, आणि तिच्या तळहातावर उरला एकच पत्ता, पालथा.

मामाने ओठ ओले केले. आता सांगणार, तोच मिस्टर बक्स्टनचा हात ताईच्या खांद्यावर पडला.

"बाईसाहेब, इतका वेळ बघतोय. शेवटची खुर्ची, ओठ हलतायत, आणि कॅटमध्ये मोठे पत्ते उरल्यावर सगळं पुढे. पत्ते मोजता होय? उठा. ओडेसा, तो पत्ता ठेव आणि पिस."

"मी? पत्ते मोजते?" ताईचा आवाज माशाच्या कढईपर्यंत गेला. "मी क्लीव्हलंडच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते!"

"मोजणीच शिकवत असाल."

ओडेसा तो पत्ता कॅटमध्ये सरकवायला निघाली. मामा बोलला तर बक्स्टनला कळणार खरा मोजणारा कोण, आणि कॉपर लँटर्नचं दार त्याला कायमचं बंद. न बोलला तर क्लीव्हलंड. पत्ता कॅटमध्ये गेला तर पैजच अर्धवट राहील, हे ताईने ओळखलं असावं, कारण ती खुर्चीला धरून बसली. "मी हलणार नाही! आधी तो पत्ता दाखवा!"

"बघा, बघा," बक्स्टन म्हणाला, "अजून मोजतेय!"

आणि मग मामाने काय केलं माहितेय? टोपी काढली, छातीशी धरली, डोळा मिटला, आणि चर्चमधल्या त्या आवाजात सुरू झाला, "हे प्रभू, सकाळपासून एक्का मागतोय! म्हाताऱ्याला एक तरी एक्का दे! तो तिथे आहे, प्रभू, त्या पोरीच्या हातात आहे, मला ठाऊक आहे!"

बाजूच्या टेबलावरचे लोक हसू लागले. पहिल्या खुर्चीवरचा म्हातारा, त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा! बक्स्टनही हसला. "पहिल्या खुर्चीवर बसणारे सगळे असंच मागतात, आजोबा. दाखव गं, ओडेसा, त्यांचं समाधान होऊ दे."

ओडेसाने पत्ता उलटला.

किलवरचा एक्का.

"सांगा, पाळकसाहेब, सांगा!" ही हाक कुणाची म्हणता? माझी! तोंडातून निघूनच गेली. सिमेंटवाला आमेन म्हणाला. बक्स्टनने मामाच्या पाठीवर थाप मारली. "देवाने ऐकलं तुमचं, आजोबा. जरा उशिरा ऐकलं, एवढंच." आणि अर्नेस्टीनताईला त्याने दंडाला धरून दाराबाहेर काढलं, पुन्हा पाऊल ठेवायचं नाही अशी ताकीद देऊन!

आम्ही बाहेर आलो तर ती फुटपाथवरच्या बाकावर बसलेली, टोपी वाकडी. मामा तिच्या उजव्या बाजूला बसला, म्हणजे ती त्याला दिसेल.

"बाबा, मला... मला बाहेर काढलं. पत्ते मोजते म्हणून."

"घराण्याचं नाव राखलंस, पोरी."

मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. पण ती हसत होती, पोट धरून हसत होती, हातमोज्याने डोळे पुसत होती. "एक्का हे कसं कळलं?" तिने विचारलं.

"तीन गेले होते. चौथ्याची आठवण ठेवली."

तिने पर्समधून दुसरं तिकीट काढलं आणि फाडलं. सोमवारी ती एकटीच परत गेली, आणि त्या रविवारी, जायच्या आधी, मामाच्या शेजारी उजव्या टोकाला बसून तिने त्याच्याहून मोठी हाक दिली. पाळकसाहेब गाता गाता दचकले.

मामा पुढे बरीच वर्षं इथेच राहिला, आणि त्या पहिल्या खुर्चीवर त्याला कधीच कुणी हटकलं नाही. आता तो नाही. बाकाचं उजवं टोक रिकामं आहे. तेव्हा एवढंच मागते तुमच्याकडे. या रविवारी प्रवचन चढणीला लागलं, ऑर्गनने सूर धरला, की खालून एक हाक द्या. आणि देताना लेमुएल व्हिटलोची आठवण ठेवा. गेलेल्यांची आठवण ठेवणाराच होता तो.