सगळं सोड, पण आधी कापड

माणसाने आकाश जिंकले आहे, असे माझे ठाम मत होते. मंगळवारी सकाळी सव्वादहाला ते मत एका घेवड्याच्या शेतात उतरले.

माझा जावई विमान चालवतो. म्हणजे एकट्याने बसायचे, स्कूटरला पंख फुटल्यासारखे विमान, आणि शेपटीला दोर बांधून मागे जाहिरातीचे लांबलचक कापड. त्या दिवशी गादीवाल्याची जाहिरात होती: ‘निवांत झोपा’. माणसाच्या उंचीची ती अक्षरे माझ्या मुलीने शिवलेली. ती धावपट्टीजवळ वायरलेस घेऊन उभी राहते आणि नवऱ्याला सूचना देते. घरीही देते, पण तिथे वायरलेस लागत नाही.

सकाळी दोघांचे वाजले होते. ‘तुझ्यापेक्षा तुझी आई स्कूटर बरी चालवते,’ असे एक खरे विधान जावयाने न्याहारीला केले होते. भांडणात जो आधी ‘सोड’ म्हणेल त्याने माघार घेतली असे समजायचे, हा त्यांच्या घरचा कायदा. चार वर्षांत माझ्या मुलीच्या तोंडून तो शब्द कोणी ऐकलेला नाही.

विमान गावावरून वळले आणि इंजिन खोकले. दोनदा खोकून गप्पच झाले. अशा वेळी एक दांडी ओढून मागचे कापड टाकून द्यायचे असते. नाही टाकले, तर त्याच्या ओढीने विमान तरंगत नाही, पडते. हे मला नंतर समजले. तेव्हा मी धावपट्टीजवळ मुलीच्या शेजारी उभा होतो आणि मला फक्त तिचा पांढराफटक चेहरा दिसला.

“सोड,” ती वायरलेसवर म्हणाली.

“थांब, इंजिन चालू होतंय का बघतो,” जावई म्हणाला. मग समाधानाने, “आणि बरं झालं बाई, म्हणालीस एकदाचं. मी तर केव्हाच सोडलं होतं. तूच धरून बसली होतीस.”

“अरे गाढवा, कापड सोड. कापड.”

“म्हणजे सकाळचं नाही?”

“सकाळचंही सोड. सगळं सोड, पण आधी कापड.”

कापड सुटले आणि सरकारी कचेरीच्या छपरावर अंथरल्यासारखे पडले. ‘निवांत झोपा’. खाली कामाला आलेल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

हलके झालेले विमान धावपट्टीच्या कुंपणावरून तरंगत पलीकडच्या शेतात उतरले. चाक पाटात अडकले, नाक चिखलात गेले, शेपूट वर. मग काहीच हलेना. आम्ही धावलो. माझे गुडघे गेली सहा वर्षे धावत नाहीत; त्या दिवशी त्यांना विचारलेच नाही.

दार उघडले. आधी एक बूट बाहेर आला, मग त्यात पाय असलेला जावई. मुलीने त्याची कॉलर धरली, डोके, हात, बरगड्या चाचपल्या आणि त्याच्या छातीवर डोके ठेवून हमसून हमसून रडू लागली. घेवड्याचा मालकसुद्धा वेलांकडे न बघता डोळे पुसत होता.

“जावईबापू, कुठे लागलं का?” मी विचारले.

“पडताना नाही लागलं, बाबा,” तो माझ्या कानाशी पुटपुटला. “पण ही माझ्या पायावर उभी आहे. तुम्ही जरा सरकायला सांगता का?”