शकुबाई_फायनल_खरंच_फायनल

शकुबाई_१

दिनेशच्या कॉम्प्युटरात या नावाची पहिली फाइल आहे. उघडून ऐकाल तर एक बाई गातेय आणि तिच्या पाठीशी बसून कुणी तरी लाह्या फोडतंय, असं वाटेल. लाह्या कुणी फोडत नव्हतं. घरात तेवढी उसंत कुणालाच नव्हती.

दिवाळी सरली की वडशाच्या नाटक कंपन्या पूर्व विदर्भातल्या अख्ख्या झाडीपट्टीत रात्र रात्र जागवतात. त्यातल्या एका कंपनीचे मालक प्रफुलभाऊ. नव्या नाटकातलं नवरीच्या पाठवणीचं एक गाणं त्यांना जाहिरातीच्या गाडीवर वाजवायचं होतं आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळीच निघणार होती. दरवर्षी भाऊ रेकॉर्डिंगला नागपूर गाठत. यंदा दिनेशनं छाती पुढे काढली. "नागपूरले कायले जाता भाऊ? आपला स्टुडिओ हाये ना!"

आपला स्टुडिओ म्हणजे घराची मागची खोली, आणि ती खोली धानाची. वडील गुणवंतराव यांनी ती मळणी होईपर्यंत उसनी दिली होती. मळणी झाली. पोती आता ओसरीत रचलेली होती आणि त्यांतल्याच एकावर बसून गुणवंतराव दाराकडे बघत होते.

"प्रफुलनं हो म्हटलं तं खोली तुही. नाई म्हटलं तं संध्याकाळी पोते आत. धान काई बाहेर झोपनार नाई."

आत कंपनीच्या गायिका शकुबाईंनी हेडफोन लावून स्वतःचं गाणं ऐकलं. गायल्या होत्या "मोह फुलला बांधावर, कोन येचील फुलं". कानात आलं ते असं:

मोह फु— बांधाव—, को— —चील फु—

"काऊन वो स्वाती," दिनेशच्या बायकोकडे वळून त्या म्हणाल्या, "मी असी दातखिळी बसल्यावानी गातो का?"

"तुमी नाई बाई. आमचा कॉम्प्युटर थुंकी गिळून राह्यला."

शकुबाई_२

"बाई, अजून एकदा," दिनेश म्हणाला.

चूक झाली ती इथे. शकुबाईंचा चेहरा असा फुलला, की दिनेशला आपण नेमकं काय बोललो तेच कळेना. तीस वर्षं स्टेजवर काढलेल्या बाईला 'अजून एकदा' म्हणजे वन्स मोअर. आणि वन्स मोअर आला की आधीपेक्षा जास्त द्यायचं, हा तिकडचा धर्म. त्यांनी सूर चढवला, मधे आलाप घेतला, तिसऱ्या ओळीत नवरीची माय आणून रडवली.

लाह्या फुटतच होत्या, पण जागा बदलून. दिनेशचा बेत साधा होता. पहिल्यात तुटलेला तुकडा दुसऱ्यातून उचलायचा आणि जोडून द्यायचा, सगळेच करतात तसं. त्यानं 'मोह' इथला घेतला, 'फुलला' तिथला. ऐकलं, तर धोतराला जरीचं ठिगळ.

"बाई, पयल्यावानीच म्हना ना."

"पयलं तं देऊन झालं बापू! पुन्हा तेच देऊ लोकायले? शिळं वाढाची सवय नाई मले."

शकुबाई_३_वायफाय_बंद

शकुबाई_४_पंखा_बंद

शकुबाई_५_अँटीव्हायरस_बंद

दर वेळी गाणं वाढलं. नवरीचा भाऊ आला, मावशी आली. लाह्या हटल्या नाहीत.

"आता मीच उरली," स्वाती घाम पुसत म्हणाली. "मले बी बंद करता का?"

"बटन कुठी हाये तेवढं सांग," दिनेश म्हणाला, आणि पुढचा चहा त्याला स्वतःच करावा लागला.

शकुबाई_फायनल

खरं सांगायचं तर, दुखणं कुठे आहे ते दिनेशला पहिल्यापासून ठाऊक होतं.

कॉम्प्युटर आवाज टोपल्यांनी वाहून नेतो. टोपली छोटी, तर गाणाऱ्याच्या कानात आवाज लगेच पोचतो. पण खेपा इतक्या, की मशीनला धाप लागते. एक खेप हुकली की तेवढा आवाज सांडतो आणि चट्ट वाजतं. टोपली मोठी केली तर काही सांडत नाही, फक्त कानात आवाज उशिरा येतो. या टोपलीला बफर म्हणतात. दिनेशनं ती सगळ्यात छोटी ठेवली होती. स्वतःचाच आवाज उशिरा कानात आला की भले भले गायक अडखळतात, असं त्यानं व्हिडिओत पाहिलं होतं. शिवाय छोटी टोपली म्हणजे आपलं मशीन दमदार, असं तो चार लोकांत सांगूनही बसला होता.

गुणवंतराव आत आले. पोती मावतील का म्हणून हातानं भिंत मोजू लागले. एक हात, दोन हात.

दिनेशनं टोपली मोठी केली. अंमळ नाही, चांगली आठपट.

"बाई, तुमचा आवाज तुमाले उशिरा ऐकू येईन. सांभाळजा."

शकुबाई गायल्या. कुठेही अडखळल्या नाहीत. मागे एक लाही फुटली नाही.

"उशिरा?" हेडफोन काढत त्या म्हणाल्या. "मैदानाच्या पार त्या टोकाच्या भोंग्यातून माहा आवाज कवा येते मायीत हाये का? तवर मी पुढच्या ओळीत जाऊन बसलेली राह्यतो. हे तं काईच नाई. उलट मघापासून कानाले चिकटून येत होता, तं कोनी नाक दाबल्यावानी लागे."

शकुबाई_फायनल_खरंच_फायनल

सगळं स्वच्छ झालं आणि मग दिनेशनं लांबी बघितली. आता गाण्यात नवरीचं सगळं गोत आलं होतं. गाडी गाव ओलांडून गेली असती, तरी मावशी वेशीवरच आलाप घेत राहिली असती.

"कापा लागते," तो चाचरत म्हणाला.

"मंग काप की! पन 'कोन येचील फुलं'वर काप. सवाल पुसून सोडून द्यायचं. उत्तर पायजे असन तं तिकीट काढन मानूस."

दिनेशनं तिथेच कापलं आणि प्रफुलभाऊंना पाठवलं. मग ओसरीकडे तोंड करून स्पीकरवर लावलं. गाणं प्रश्नावर येऊन थांबलं. भाऊंचा फोन आला: "बरं हाये. बाकीचे गाने कवा करतं?"

मघा भिंत मोजून ओसरीत गेलेले गुणवंतराव मात्र दारात येऊन उभे.

"मंग? कोन येचते फुलं?"

"ते पूर्ण गान्यात हाये, बाबा. आत बसून ऐका लागते."

गुणवंतरावांनी ओसरीतल्या पोत्यांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. स्वाती पोत्यांवर टाकायला ताडपत्री आणायला निघालीच होती.

"आजच्या दिवस राहू दे धान बाहेर," ते पुटपुटले आणि आत आले. बसायला म्हणून एक पोतं मात्र सोबत घेऊन आले.