आखाजीची घागर

माणूस जिवंत असताना त्याच्या नावानं घागर भरली, तर त्यानं पुढं करायचं काय? सोनगीरच्या भिकन तांबटाला याचं उत्तर लहानपणापासून ठाऊक होतं, आणि ते काही बरं नव्हतं. त्याचा काका आधार सुरतेला गेला आणि त्याचा पत्ताच लागेना. घरच्यांनी वाट पाहिली, मग भाऊबंद म्हणाले मेला असेल, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांबरोबर त्याच्याही नावानं घागर भरली. त्याच हिवाळ्यात काका गाठोडं घेऊन दारात हजर. त्याच्या आईनं गळ्यात पडून रडून घेतलं, पण तांबट आळीनं काही त्याला पुन्हा पुरता जिवंत धरला नाही. पंगतीत बसवायचा की नाही यावर कुजबुज व्हायची, पोरं 'घागऱ्या' म्हणून चिडवायची. बिचारा पुन्हा निघून गेला तो गेलाच.

आता भिकनवर तीच पाळी आली होती. उद्या आखाजी होती आणि भिकन होता चटक्यांच्या कैदेत.

चटके हे नाव त्यांना भिकनच्या जोडीला कैदेत असलेल्या गेंदाआबानं दिलं होतं. ती माणसं नव्हती आणि भुतंही नव्हती. भुतं नाहीत हे भिकनला पहिल्याच दिवशी कळलं, कारण मारुतीचं नाव घेऊन घेऊन घसा सुकला तरी एकही हललं नाही. यंदाच्या हिवाळ्यात गावोगाव लोक शेंडीचा तारा बघायला माना वर करून उभे राहायचे. नेमकं तेव्हाच यांचं यान डोंगराआड येऊन आदळलं आणि कुणाला पत्ता नाही. उंचीनं माणसाच्या दीडपट, अंग ओल्या गोणपाटासारखं लोंबतं. डोळे नाहीत, कान नाहीत. हातांच्या जागी दोऱ्यांचे झुपके, आणि त्यातला एक जरी अंगाला लागला तरी उकळतं तेल उडाल्यासारखा चटका बसायचा. आदळून यानाचा पत्रा जागोजागी चेपला होता. दोऱ्यांनी हातोडी धरता येत नाही, म्हणून मेल्यांनी ठोकणारे हात पकडून आणले.

भिकन कोळसा आणायला डोंगरात गेला होता. पाठीत चटका बसला, आणि डोळे उघडले ते या भुयारात. गेंदाआबा त्याच्या आधीपासून तिथं होता. सातपुड्याच्या पायथ्याचा म्हातारा, गावाची कुऱ्हाडी-विळे शेवटून, धार काढून देणारा. एक फिटरही होता, वरणगावकडचा. तो पळाला. भुयाराच्या तोंडाशी त्याला गाठून चटक्यांनी जे केलं, ते बघितल्यावर भिकननं बरेच दिवस पळण्याचं नाव काढलं नव्हतं.

पण आखाजी जवळ आली तसा तो दिवस मोजायला लागला. भुयाराच्या छताला एक भेग होती. तिच्यातून आज संध्याकाळी नखाएवढी चंद्रकोर दिसली होती. म्हणजे उद्या तीज. उद्या भाऊबंद दारात बसणार, त्याच्या आईला, भागाबाईला, समजावणार, "पोरगं गेलं आता, त्याला पाणी तरी दे." भागाबाईनं नवसानं, भीक मागून मिळवलेलं हे एकुलतं पोर, म्हणून तर नाव भिकन. ती माउली किती तग धरणार? एकदा घागर भरली की बायको मंदाबाईचं कुंकू पुसणार. सगळं दुपारच्या नैवेद्याच्या आत उरकणार.

"आबा, उद्या आखाजी शे. माले घर जानं शे," भिकन म्हणाला.

"फिटरबी असाच म्हने," गेंदाआबा म्हणाला. म्हाताऱ्याची जीभ तिखट, पण मन लोण्याचं.

"फिटरकडे तुमची घोंगडी नव्हती."

त्या घोंगडीची गोष्ट अशी. मागं आबाला ताप चढला, तेव्हा भिकननं भुयारातल्या झऱ्यात त्याचीच घोंगडी बुडवून त्याच्या अंगावर टाकली होती. एक चटका नेहमीसारखी चाचपणी करायला आला आणि आबाच्या डोक्याशी उभा राहूनही त्याला आबा सापडेना. दगडावर झुपके आपटत तो तसाच निघून गेला. तेव्हा दोघांच्या ध्यानात आलं की यांना दिसते ती फक्त ऊब. गार दगडांच्या भुयारात गार घोंगडीखालचा माणूस यांच्या लेखी दगडच. आणि कान नसल्यामुळे कितीही ठणठणाट करा, त्यांना पत्ता नाही.

"तुमी बी चला, आबा."

"मना पाय चालतस नहीत. तू जाय. पन मन्ही घोंगडी परत आन हां," आबा म्हणाला आणि तोंड फिरवून बसला. त्याचे डोळे भरून आलेले भिकनला दिसू नयेत म्हणून.

दिवस चांगला वर आला, भेगेतून ऊन उतरलं तसा भिकन निघाला. झऱ्याचं पाणी निथळणारी घोंगडी डोक्यावरून घेतली, हातोडी कमरेला खोचली आणि भिंतीला धरून सरकायला लागला. एक चटका वाटेत आडवा पडला होता. भिकन त्याच्या झुपक्यांवरून टांग टाकून गेला, श्वास रोखून, आणि त्याला काही कळलं नाही. दुसरा तोंडाशी उभा होता. त्याच्या बगलेतून निसटताना भिकनला हसू आवरेना. एवढे दिवस ज्यांना भ्यालो ते हे आंधळे!

तो बाहेर आला आणि जागीच थबकला. आपल्याला कुठं सातपुड्यापलीकडे आणून टाकलं असेल, असं तो इतके दिवस समजत होता. आणि समोर बघतो तर सोनगीरचा किल्ला. त्याचाच किल्ला, पायथ्याशी त्याचंच गाव, धुळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर मुंगीएवढी एसटी. काखेत कळसा आणि गावाला वळसा! भिकनला तिथंच खाली बसून रडावंसं वाटलं, पण वेळ कुठं होता. तो उतारानं धावत सुटला.

आणि तिथंच घात झाला. वैशाखातलं खानदेशातलं ऊन. जमीन चुलीवरच्या तव्यासारखी तापलेली, दगडाला हात लावायची सोय नाही. त्या रणरणत्या उतारावर ओली गार घोंगडी घेतलेला भिकन चटक्यांना दिसला तो पांढऱ्या धोतरावरचा शाईचा डाग दिसावा तसा. भुयारात ज्या गारव्यानं लपवलं, त्याच गारव्यानं उघड्यावर चव्हाट्यावर आणलं. उजवीकडून दोन आले, डावीकडून एक, वरून भुयाराच्या तोंडाशी होता तो. उतारावरच्या घळीत दडलेल्या यानाजवळ ठोकून तयार झालेले पत्रे दगडांना टेकवून ठेवले होते, तिथं त्यांनी त्याला कोंडलं.

भिकनला कळून चुकलं की आता घर काही गाठता येत नाही. खाली गावात सगळं गप्प होतं. आखाजीला तांबट आळीत कुणी हातोडीला शिवत नाही, ऐरणींना त्या दिवशी हळदकुंकू वाहून सुट्टी असते. एरवीसुद्धा हल्ली आवाज कमीच, स्टीलची भांडी आली आणि एकेक ऐरण थंडावत गेली. पण आज तर अगदी शुकशुकाट. भिकनच्या डोक्यात एकदम उजेड पडला. आज जर कुणी ठोकलं, तर आळीतलं शेंबडं पोरसुद्धा विचारणार, सणाच्या दिवशी कोण ठोकतंय?

त्यानं कमरेची हातोडी काढली आणि पत्र्यावर हाणली.

मोठं भांडं दोघांनी ठोकायचं असतं. समोरासमोर बसायचं, एकानं मारायचं, दुसऱ्यानं मधली जागा भरायची. प्रत्येक घराची चाल वेगळी असते आणि आळीत डोळे मिटूनही ओळखू येते. भिकनच्या घरची चाल म्हणजे दोन जड ठोके, मग एक जागा मोकळी, मग एक हलका. ती मोकळी जागा मंदाबाईची. गडी ठेवायला परवडत नव्हता म्हणून लग्नानंतर त्यानं तिला समोर बसवली होती, आणि ती डावखुरी बाई असा नेमका ठोका टाकायची की जुने तांबट दारात थांबून ऐकायचे. भिकन आज आपले तेवढे ठोके मारत होता आणि तिची जागा रिकामी सोडत होता. मंदे, ऐक. माय, घागर भरू नको. मी जिवत शे.

गंमत म्हणजे चटके थांबले. हातोडी वरखाली होताना बघून त्यांना वाटलं असणार, गडी कामाला लागला. ते गोल करून उभे राहिले आणि भिकन ठोकत राहिला. गरम वाऱ्याची लू सुटली होती, घोंगडीतलं पाणी भराभर उडून गेलं. काही वेळानं चटके अस्वस्थ झाले, हवेत झुपके फिरवायला लागले, एक तर त्याच्या हाताच्या अंतरावरून सरळ पुढं निघून गेला. भिकननं बघितलं, पण त्याचं ध्यान कुठं होतं? त्याचे कान सगळे खाली गावाकडं. शेवटी फिरता फिरता एक झुपका त्याच्या खांद्याला लागला, आणि भिकन किंचाळून कोसळला.

भुयारात परत आणून टाकल्यावर तो कितीतरी वेळ भिंतीकडं तोंड करून पडला. गेंदाआबानं त्याच्या खांद्यावर झऱ्याचं पाणी ओतलं.

"घोंगडी तरी परत आनी तू," आबा म्हणाला.

त्याला रडू येत होतं आणि तो रडला. गाव एवढं जवळ, आणि जाता आलं नाही. कुणी ऐकलं असेल की नाही, कुणास ठाऊक. आबानं त्याला थोपटत थोपटत सगळं विचारून घेतलं. बाहेर काय झालं, चटके कधी धावले, कधी थांबले, कधी चाचपडायला लागले. मग म्हाताऱ्यानं घोंगडी चाचपून बघितली. ती खडखडीत वाळली होती.

"येडा शे तू," तो सावकाश म्हणाला. "ओला व्हता तवरच तू त्यास्ले दखाये. वाळी गया तसा गायब. तो सरळ तुना पुढून गया, आनि तू ठोकत बसना!"

भिकन उठून बसला. खरंच की. तापलेल्या रानात वाळक्या घोंगडीतला तापलेला माणूस, तो कुणाला वेगळा दिसणार? भुयारातून ओलं निघायचं, तोंडाशी ओलं टाकायचं आणि भर दुपारी कोरड्यानं चालत जायचं. चालतच, पळायचीही गरज नाही. म्हणजे आबासुद्धा येऊ शकतो, भिकनच्या खांद्याला धरून. आत भिजवलेलं धोतर पांघरायचं आणि बाहेर कोरडी घोंगडी, म्हणजे दोघांचं भागतं.

हे सगळं ठीक, पण घागर? ती भरली असेल तर तो घरी जाऊन तरी कोण म्हणून जाणार होता? भेगेतलं ऊन कलतं झालं होतं. नैवेद्याची वेळ टळून गेली होती.

आणि तेवढ्यात भेगेतून आवाज आला.

आधी त्याला वाटलं, मनाचे खेळ. मग गेंदाआबानंही मान वर केली. डोंगराच्या पायथ्याशी कुणीतरी तांब्यावर ठोका मारला होता. एकच. मग थांबून पुन्हा एक. भिकननं धडपडत हातोडी उचलली आणि समोरच्या पत्र्यावर दोन जड ठोके मारले, जागा सोडली.

त्या जागेत भेगेतून ठोका पडला. नेमका, डाव्या हाताचा.

भिकननं चाल सोडली नाही. पुन्हा दोन, पुन्हा जागा, पुन्हा तिचा ठोका. हळूहळू तिच्या मागून आणखी हातोड्या लागल्या, जड, हलक्या, म्हाताऱ्या हातांच्या, कितीतरी वर्षं बंद पडलेल्या ऐरणींवरच्यासुद्धा. सणाचा नेम मोडून सगळी आळी डोंगराखाली येऊन बसली होती. भुयारात दोन चटके उभे होते आणि त्यांना यातलं काहीही कळत नव्हतं.

पण भिकन ऐकत होता ते एकच भांडं. ती त्याच्या घरची पितरांची घागर होती, त्याच्या बापानं घडवलेली, आणि तिचा आवाज तो हजारांत ओळखला असता. पाणी भरलेली घागर बद्द वाजते. ही खणखणत होती.

"काय म्हनी राहयनी ती?" आबानं विचारलं.

"घागर रिकामी शे, आबा."

आबानं डोळे पुसले. मग उठून त्यानं घोंगडी झऱ्यापासून लांब, कोरड्या दगडावर नीट पसरून ठेवली, उद्याच्या दुपारसाठी.