डाग आणि वळ

सावत्र आई म्हटलं की आपल्या लोकांना पुरावा लागत नाही. १९५८ साली सारंगखेड्याला मी नवी डॉक्टरीण होते. जसोदाबाई नातीला घेऊन दवाखान्यात आल्या, त्या निकाल घरूनच लावून. मागे सून रंजनाबाई, मान खाली घातलेली. मुलगा धनसिंग बाहेर घोडीला पाणी पाजत होता.

शाळेतल्या गुरुजींनी या नातीच्या, सहा वर्षांच्या केसरच्या, अंगावरच्या खुणा पाहिल्या होत्या आणि पोलीस पाटलाकडे जाईन म्हणाले होते. त्यावर जसोदाबाईंनी तोड काढली होती. मी सुनेवर ठपका ठेवायचा आणि तिची रवानगी कायमची माहेरी. पोर मात्र बापाच्या घरी राहणार.

“देखा डाक्तरीनबाई, इना पोटवर चटका देखा. सावत्र मायनी दिनात.”

मला राग पटकन येतो. पण तपासताना तो मी दाराबाहेर ठेवते. पडदा ओढला आणि केसरला विचारलं, जवळ कोण हवं? तिनं रंजनाबाईचा पदर धरला. पोरं मारणाऱ्यालाही बिलगतात, म्हणून एवढ्यावर मी काही ठरवलं नाही.

पोटावर डाव्या अंगाला गोल, जुने डाग होते, एका रांगेत. त्यांच्याखाली वाढलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागत होती. हिवताप मुरून पोट फुगलं की इकडे तापल्या सळईचा डाग देतात.

“हे तर औषधाचे डाग. कुणी दिले, जसोदाबाई?”

खोटं उघडं पडलं तशी ती नजर चुकवत म्हणाली, “ते तं मीच. पाणथरी व्हती ना. उतरी जाई, वाटनं.”

मग पाठ पाहिली. तिथं डाग नव्हते, वळ होते. लांब, दुहेरी, काही निळे, काही पिवळे पडत आलेले. वेणीचा चामडी चाबूक असा उमटतो. यात्रेसाठी घोडी तयार करणाऱ्या घरात तो कुणाच्या हाती असतो, हे विचारायची गरज नव्हती. मी रंजनाबाईला बांगड्या मागे सारायला सांगितलं. दोन्ही हातांवर तसेच वळ. ती मध्ये पडली होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

“जसोदाबाई, सुनेला माहेरी धाडायचं होतं ना? धाडा. केसर तिच्याबरोबर जाईल. धनसिंग आडवा आला, तर हे वळ मी फौजदाराला लिहून देईन.”

म्हातारीनं पडदा जरा सारून बाहेर धनसिंगकडे पाहिलं. पोटचा मुलगा होता तो. मग तिनं केसरचं पोलकं उचललं, वळांना धक्का न लावता तिला घातलं आणि म्हणाली, “लई जाय, रंजना.”

मी रंजनाबाईला विचारलं, “तुमचा भाऊ ठेवेल हिला? रक्ताचं नातं नाही.”

“मामा शे तो इना,” ती म्हणाली. “ठेवनंच पडी.”

हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांसाठी मी त्यांना पुन्हा बोलावलं होतं. त्या येतील की नाही, या काळजीनं मी दोनदा तरी दाराशी जाऊन आले. शेवटी करणसिंगमामाची बैलगाडी आली. केसर पुढे, मामाच्या शेजारी बसली होती. त्याच्या हातात चाबूक नव्हता. केसर गाडीत असली की घरीच ठेवतो, म्हणाला. नुसती जीभ टाळ्याला लावून तो टक् टक् करायचा. केसरही करत होती, आणि बैल तिचंही ऐकत होते.